पट्टा ओरडतो तो कशासाठी?



पेरणीचे दिवस जवळ आले की आपण बियाणे पाहतो, खताची तजवीज करतो, ट्रॅक्टरचे ऑइल आणि टायरची हवा तपासतो. पण इंजिनाच्या तोंडाशी फिरणाऱ्या त्या काळ्या पट्ट्याकडे फारसे कुणाचे लक्ष जात नाही. आपण त्याला फॅन बेल्ट म्हणतो. ट्रॅक्टर असो, जीप असो वा घरची मोटार असो, सकाळी चालू करताच पुढून ‘कुईंऽऽ’ असा कर्कश आवाज निघतो आणि मिनिटभराने थांबतो. आपण म्हणतो, “गारठ्याने होत असेल, गरम झाली की बंद होते.” आवाज बंद होतो हे खरे, पण त्यामागचे दुखणे तसेच राहते.

आज या पट्ट्याविषयी आणि तो ज्या पुल्यांवरून फिरतो त्यांच्याविषयी बोलू. मुद्दा एकच आहे. आवाज दाबू नका, आवाज कोण करतो ते आधी शोधा. पट्टा ओरडतो की पुली, हे कळल्याशिवाय पैसा खर्च केला, तर चोर सोडून संन्याशाला सुळी दिल्यासारखे होते.

पट्ट्याचे काम काय?

इंजिनात जळणाऱ्या डिझेलची सगळी शक्ती चाकांना मिळत नाही. ढोबळ मानाने तिसरा हिस्सा कामाला येतो, तिसरा हिस्सा धुराबरोबर जातो आणि उरलेला तिसरा हिस्सा उष्णतेच्या रूपाने पाण्याला बाहेर काढावा लागतो. इंजिन आणि रेडिएटर यांच्यामध्ये ते पाणी फिरवणारा पंप बहुतेक ट्रॅक्टरांत आणि जीपगाड्यांत याच पट्ट्यावर चालतो. पंखाही त्यावरच आणि बॅटरी भरणारा अल्टरनेटरही त्यावरच.

म्हणजे पट्टा तुटला, की पाणी फिरणे थांबते. काही मिनिटांत इंजिन तापते. तसेच दामटले तर हेडचे गॅसकेट जाते, हेड वाकते आणि पिस्टन धरतात. पट्टा बदलणे हे तासाभराचे काम, इंजिन उघडणे मात्र आठवड्याचे. तेही ऐन वाफशावर, जेव्हा गावातला प्रत्येक फिटर दुसऱ्याच्या बांधावर अडकलेला असतो! पेरणी आठ दिवस लांबली तर त्याची किंमत काय होते, हे मी तुम्हाला सांगायला नको.

पट्टा पुलीला धरतो कसा?

पट्टा तळाशी निमुळता असतो आणि पुलीची खाचही तशीच असते. औताला पाचर ठोकली की ती जशी दोन्ही बाजूंनी आवळून बसते, तसा हा पट्टा खाचेच्या दोन्ही भिंतींना धरून बसतो. तो खाचेच्या तळाला टेकता कामा नये. पट्टा झिजून बारीक झाला किंवा पुलीच्या भिंती झिजल्या, तर पट्टा खाली उतरतो, तळावर घसरतो आणि ओरडतो. खाचेचा तळ आरशासारखा चकचकीत दिसला, तर पट्टा तळाला टेकतो आहे असे खुशाल समजा.

येथे एका जुन्या सवयीविषयी सांगितले पाहिजे. पूर्वी ऑइल इंजिनावर आणि पिठाच्या गिरणीवर सपाट चामडी पट्टे असत. ते सुकू नयेत म्हणून त्यांना एरंडेल चोळत आणि घसरू नयेत म्हणून राळ लावत. त्या पट्ट्यांना ते योग्यच होते. तीच सवय आपण रबरी पट्ट्याला लावली. कुणी साबण घासतो, कुणी राळ टाकतो, कुणी ग्रीसचे बोट फिरवतो. रबराला तेलाचे वावडे आहे. तेलाने रबर फुगते, मऊ पडते, त्याचे थर सुटतात. राळेवर धूळ बसून पुली खरवडली जाते. दोन दिवस आवाज थांबतो आणि तिसऱ्या दिवशी पट्टा हातात येतो. रबरी पट्टा कोरडा आणि स्वच्छ हवा. त्याला दुसरे काही लागत नाही.

आवाजावरून ओळख

प्रत्येक आवाजाचा अर्थ निराळा.

लांब किंचाळी : गाडी सुरू करताना, रात्री दिवे लावल्यावर किंवा एकदम वेग वाढवल्यावर ‘कुईंऽऽ’ होत असेल, तर पट्टा घसरतो आहे. स्टार्टरने बॅटरीतून बराच करंट ओढलेला असतो. तो भरून काढण्यासाठी सुरुवातीला अल्टरनेटरवर जास्त भार येतो. म्हणूनच आवाज सकाळी येतो आणि नंतर जातो. ताण कमी आहे किंवा पट्टा झिजून गुळगुळीत झाला आहे.

चिमणीसारखी चिवचिव : ठरावीक लयीत ‘चिक् चिक्’ होत असेल, तर बहुधा पुल्या एका रेषेत नाहीत. पट्टा तिरका शिरतो आणि एका कडेने झिजतो.

खरखर, घरघर : जात्यात खडा सापडल्यासारखा आवाज वेगाबरोबर वाढत असेल, तर पट्टा निर्दोष आहे. पुलीचे, पाण्याच्या पंपाचे किंवा अल्टरनेटरचे बेअरिंग गेले आहे.

शंका राहिली तर पाण्याची परीक्षा घ्या. बाटलीच्या झाकणाला बारीक भोक पाडा आणि इंजिन मंद चालू असताना बाजूला, हातभर अंतरावर उभे राहून पट्ट्याच्या आतल्या अंगावर थोडे पाणी मारा. आवाज क्षणभर थांबून परत आला, तर पुल्यांची रेषा पाहा. आवाज वाढला, तर पट्टा सैल आहे. काहीच फरक पडला नाही, तर बेअरिंग पाहा.

माझ्या फिरतीच्या भागात एका बागायतदाराने जीपचे तीन पट्टे एका वर्षात बदलले. दुकानदाराला दोष दिला, कंपनीला दोष दिला. चौथ्या वेळी एका जुन्या फिटरने नवा पट्टा बाजूला ठेवला आणि आधी सगळ्या पुल्या हाताने फिरवून पाहिल्या. अल्टरनेटरची पुली लटलट हलत होती. बेअरिंग बदलले आणि पट्टे खाणे थांबले. तीन पट्ट्यांच्या पैशांत ते बेअरिंग आधीच आले असते.

पट्टा बदलण्याची रीत

इंजिन बंद करा, थंड होऊ द्या आणि किल्ली आपल्या खिशात ठेवा. बॅटरीची ऋण तार काढा. नव्या मोटारींचा विजेवरचा पंखा इंजिन बंद असतानाही अचानक फिरू शकतो, म्हणून हे टाळू नका.

पट्टा कोणत्या पुलीवरून कसा जातो, त्याचे चित्र कागदावर काढून घ्या. मग अल्टरनेटरचा खालचा बोल्ट आणि लांबट खाचेच्या पट्टीवरचा बोल्ट सैल करा. अल्टरनेटर इंजिनाकडे ढकला, की पट्टा ढिला होतो. पंख्याच्या एकेका पात्यावरून तो बाहेर काढा.

आता घाई करू नका, खरी तपासणी येथेच आहे. प्रत्येक पुली हाताने फिरवा. ती गुळगुळीत, न अडखळता फिरली पाहिजे. कान जवळ न्या. खरखर लागली, अडखळली किंवा एकदा फिरवल्यावर रिकाम्या चाकासारखी फार वेळ फिरत राहिली, तर आतले ग्रीस संपले आहे. पुली धरून मागे-पुढे, खाली-वर हलवून पाहा. पाण्याच्या पंपाखाली एक लहान भोक असते. तेथून पाणी ठिबकत असेल, तर पंपाचे सील गेले आहे. खाचेत चिखल वा गंज असेल तर तारेच्या ब्रशने आणि कोरड्या फडक्याने साफ करा. भिंतीला खड्डा किंवा धार पडली असेल, तर पुली बदला. जुन्या पुलीवर नवा पट्टा घालून उपयोग नाही.

नवा पट्टा आणताना जुना बरोबर न्या आणि त्यावरचा नंबर जुळवा. लांबी जुळली म्हणजे झाले, असे नाही. रुंदीही जुळली पाहिजे. मळणीयंत्रावरच्या ए जातीच्या पट्ट्याची वरची रुंदी १३ मिलिमीटर आणि बी जातीची १७ मिलिमीटर असते. ए चा पट्टा बी च्या खाचेत घातला तर तो तळाला टेकणारच.

पट्टा चढवताना टॉमीने किंवा स्क्रू ड्रायव्हरने ओढून चढवू नका. रबराच्या आत दोऱ्यांचे थर असतात, तेच खरी ताकद देतात. बाहेरून काही दिसत नाही, पण आतले दोरे तुटतात आणि पट्टा महिन्यात जातो. बोल्ट पुरेसे सैल केले, तर पट्टा हातानेच चढतो.

ताण किती हवा?

दोन पुल्यांमधल्या सर्वांत लांब भागाच्या मध्यावर अंगठ्याने दाबा. सर्वसाधारणपणे १० ते १२ मिलिमीटर, म्हणजे सुमारे अर्धा इंच, दबला पाहिजे. आपल्या गाडीच्या पुस्तकात निराळा आकडा असेल तर तोच खरा माना. “घट्ट असलेला बरा” असे समजून सतारीच्या तारेसारखा ताणू नका. जास्त ताणाने पंपाचे आणि अल्टरनेटरचे बेअरिंग मरते. सैल पट्टा निदान ओरडून सांगतो, अती घट्ट पट्टा मुकाट्याने नुकसान करतो.

पुल्यांच्या तोंडाला सरळ पट्टी लावून किंवा दोरी ताणून रेषा पाहा. मग बोल्ट घट्ट करा, ऋण तार जोडा, इंजिन दहा-पंधरा मिनिटे चालवा आणि बंद करून ताण पुन्हा पाहा. नवा पट्टा थोडा सैल होतोच. पहिल्या दिवसाच्या कामानंतर आणखी एकदा पाहिला, की मग काळजी नाही.

नव्या मोटारींचा लांब पट्टा

अलीकडच्या मोटारी आणि पिकअप गाड्यांत एकच लांब, रुंद, उभ्या कंगोऱ्यांचा पट्टा सगळी कामे करतो. त्यावर ६ पीके १२०० असे काही लिहिलेले असते. ६ म्हणजे कंगोरे आणि १२०० म्हणजे लांबी मिलिमीटरमध्ये. याचा ताण स्प्रिंगची पुली आपोआप ठेवते. पान्याने ती हळू फिरवून धरायची, पट्टा काढायचा आणि तितक्याच हळू सोडायची. इंजिन चालू असताना हा हात थरथरत असेल, तर स्प्रिंग थकली आहे.

अशा गाड्यांत पट्ट्याला केवळ वाट दाखवणारी एक मोकळी पुलीही असते, आणि बहुतेक वेळा घरघर तिचीच असते. तिचे बेअरिंग दोन्ही बाजूंनी बंद असते. त्यात तेल सोडू नका. तेलाने आतले ग्रीस धुऊन जाते आणि चार दिवसांच्या शांततेनंतर पुली जाम होते. पुलीच बदला. काही गाड्यांत तिच्या बोल्टाचे आटे उलटे असतात, म्हणून जोर लावण्यापूर्वी पुस्तक पाहा किंवा मिस्त्रींना विचारा.

जुन्या रबराच्या पट्ट्याला आडव्या भेगा पडत आणि त्यावरून त्याचे वय कळे. नव्या जातीच्या रबराला भेगा फारशा पडत नाहीत. टायरप्रमाणे त्याचे कंगोरे झिजतात आणि खाचा रुंद होतात. भेग नाही म्हणजे पट्टा चांगला, असे आता म्हणता येत नाही.

एक सूचना. काही इंजिनांत झाकणाच्या आत दात्यांचा आणखी एक पट्टा असतो. तो इंजिनाच्या व्हॉल्व्हची वेळ सांभाळतो. त्याला घरी हात लावू नका, ते काम जाणकाराचेच.

वाटेत पट्टा तुटला तर

बॅटरीचा लाल दिवा लागतो आणि पाठोपाठ उष्णतेचा काटा चढू लागतो. जेथे असाल तेथे थांबा. “गाव तर आलेच” म्हणून पुढे रेटू नका. गरम रेडिएटरचे झाकण उघडू नका, वाफेने तोंड भाजते. तापलेल्या इंजिनावर किंवा इंजिनात थंड पाणी ओतू नका, बीड तडकते. जुना पण धड असलेला पट्टा आणि दोन पाने सीटखाली ठेवले, तर अशा वेळी ते देवासारखे धावून येतात.

घरातल्या सर्वांसाठी

चालू इंजिनाच्या पट्ट्याजवळ पदर, ओढणी, वेणी, उपरणे किंवा हातातले कडे गेले, तर ओढून घ्यायला क्षणही पुरत नाही. पट्ट्यावरची जाळी काढून टाकलेले ट्रॅक्टर आणि मळणीयंत्रे मी पुष्कळ पाहतो. जाळी अडचण म्हणून नव्हे, बोटे वाचवण्यासाठी दिलेली असते. ती आजच परत बसवा. मुलांना चालू यंत्राजवळ उभे करून काम शिकवू नका. बंद यंत्रावर शिकवा, ती लवकर शिकतात.

आणि भगिनींनो, ट्रॅक्टर शिवारातून येतो तेव्हा त्याचा आवाज अंगणात तुम्हालाच आधी ऐकू येतो. रोज त्यावर बसणाऱ्याचा कान सरावतो, त्याला बदल कळत नाही. आवाज बदलला असे वाटले, तर तेवढे जरूर सांगा.

येत्या बाजाराच्या दिवसाआधी एवढे करा : इंजिन बंद ठेवून पट्टा अंगठ्याने दाबून पाहा, त्याच्या कडा पाहा, पंखा हलवून पाहा. पाच मिनिटांचे काम आहे. गाय हंबरली तर तिला काय हवे ते पाहिल्याशिवाय आपण झोपत नाही. यंत्राच्या ओरडण्याकडेही तसेच लक्ष द्या, म्हणजे ऐन पेरणीत ते दगा देणार नाही.