खजुरीची पाती, नारळाची झावळी

मराठी एम.ए.च्या वर्गात 'ख्रिस्तपुराण' शिकवले जाते तेव्हा सहसा एकच गोष्ट घडते. मराठीच्या थोरवीच्या ओव्या वाचल्या जातात, परदेशी माणसाने आपल्या भाषेचे केवढे कौतुक केले म्हणून वर्ग सुखावतो, आणि तास संपतो. सुमारे ११ हजार ओव्यांच्या ग्रंथातून आम्ही अध्यापकांनी मूठभर ओव्या उचलल्या आणि उरलेला ग्रंथ ज्यांच्यासाठी लिहिला त्या माणसांसकट वर्गाबाहेर ठेवला. हा ग्रंथ रविवारी आणि सणांच्या दिवशी देवळात जमलेल्यांसमोर वाचण्यासाठी होता. वर्षाच्या विशिष्ट दिवसांशी, उपासांशी, हातांनी करायच्या कामांशी तो बांधलेला होता. हे ध्यानात न घेता त्याचे 'वाङ्मयीन सौंदर्य' शोधणे म्हणजे आषाढी-कार्तिकी ठाऊक नसताना अभंगांचा रसास्वाद लिहिण्यासारखे आहे. परीक्षेत तसे पुष्कळ लिहिले जाते, हे आम्हांस ठाऊक आहे.

या लेखाचा विषय ग्रंथ नसून त्याच परंपरेतली एक अगदी लहान वस्तू आहे: नारळाच्या पातीचा क्रूस. ख्रिस्ती उपवासकाळाच्या अखेरच्या आठवड्याची सुरुवात झावळ्यांच्या रविवारने होते. त्या दिवशी झावळ्या आशीर्वादित होतात आणि घरोघर त्यांच्या पात्यांचे क्रूस वळले जातात. ते देव्हाऱ्यापाशी, तसबिरीमागे, दाराच्या चौकटीत खोचलेले वर्षभर राहतात. पुढच्या वर्षी राखेच्या बुधवारपूर्वी ते परत गोळा करून जाळतात, आणि ती राख कपाळी लावून नवा उपवासकाळ सुरू होतो. रविवार वगळून चाळीस दिवसांचा, ते धरून शेहेचाळीस दिवसांचा. म्हणजे ही अशी कारागिरी आहे की जिच्या घडणीतच तिचे जळणे गृहीत आहे.

मुंबईत ही गोष्ट पाहायची तर रे रोडच्या आसपास पाहावी. नाव १८८५ ते १८९० या काळातल्या गव्हर्नर लॉर्ड रे यांचे. १९१० साली कुर्ल्याहून आलेली हार्बर मार्गाची पहिली गाडी इथवरच येत असे. दारूखान्याचा लोखंडबाजार, गोदामे, लाकडाच्या वखारी, ट्रकांच्या रांगा, आणि आता २०२५ साली उघडलेला तारांचा पूल. नारळाची वाडी कुठे दिसेल अशी ही जागा नव्हे. पण लोहमार्ग ओलांडून माझगावच्या अंगाला वळले की माथारपाखाडीची लाकडी घरे आहेत. टिळकांचे सहकारी काका बॅप्टिस्टा (१८६४–१९३०) तिथले. हे ईस्ट इंडियन समाजाचे जुने गावठाण. समाजाचे नाव इंग्रजी असले, १८८७ साली व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात ते घेतलेले असले, तरी या मंडळींची मूळ बोली मराठी. माझगावातले मूळ ग्लोरिया चर्च १६३२ चे. विसाव्या शतकाच्या आरंभी बंदर आणि लोहमार्ग वाढले तेव्हा ते पाडण्यात आले, आणि भायखळ्याला आजचे चर्च १९१३ च्या सुमारास उभे राहिले. चर्च हलले, वाड्या गेल्या. झावळी मात्र दर वर्षी येते. इथे ती तोडायची नसते, विकत किंवा मागून आणायची असते, एवढाच फरक.

क्रूस वळण्याची रीत लिहून सांगणे कठीण. तरी प्रयत्न करतो. झावळीच्या टोकाकडची कोवळी, फिकट पाती घ्यायची. जून पाती दुमडताच चिरते. मधला हीर काढला की दोन पट्ट्या मिळतात. त्या ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायच्या, नाहीतर चैत्राच्या उन्हात तासाभरात कडक होतात. पट्टी उभी धरून वरचे टोक मागे दुमडायचे, तिथून आडवे वळवून एक बाहू काढायचा, मागून परत आणून दुसरा बाहू. दोन्ही बाहू सारखे हवेत. मग छेदावर तिरपी गुंडाळी एकदा इकडून, एकदा तिकडून, आणि उरलेले टोक मागच्या घडीत खोचून ओढायचे. गाठ नाही, गोंद नाही, टाचणी नाही. पाती वाळताना आक्रसते, त्यामुळे आज घट्ट वाटलेली वीण आठवड्याने सैल पडते. म्हणून ओढ थोडी जास्तच द्यावी लागते. हे 'जास्त' म्हणजे किती, ते कुणी सांगू शकत नाही. ते बोटांना कळते.

आमच्या एका विद्यार्थिनीच्या घरी, याच परिसरात, आम्ही हे पाहिले. घरातली प्रार्थना इंग्रजीत, भांडणे इंग्रजीत, दूरचित्रवाणी हिंदीत. आजी पाती वळायला बसल्या आणि नातवंडांना म्हणाल्या, "हीर काढ आधी. ओढून घे. आता खोच." मुलांनी निमूटपणे हीर काढला, ओढून घेतले, खोचले. या तीन क्रियापदांना त्या घरात इंग्रजी पर्याय नव्हते, कारण ती कधी इंग्रजीत करावी लागलीच नव्हती. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२–६५) उपासना लॅटिनमधून लोकभाषांत आली. वसईला ती मराठी झाली. मुंबईच्या बहुतेक चर्चांत इंग्रजीचा वरचष्मा राहिला. तरीही त्या घरात मराठी शिल्लक आहे ती बोटांच्या कामापुरती. बोलीच्या ऱ्हासावर चर्चासत्रे भरवणाऱ्या आम्हा लोकांनी हे हीर-पातीचे मराठी कधी नोंदवलेले नाही. त्या मुलीने तरी कुठे नोंदवले? तिच्या लघुप्रबंधात 'धार्मिक प्रतीकांची निर्मितीप्रक्रिया' असे शब्द होते. दोष तिचा नाही. असे लिहिल्यावर गुण मिळतात, हे तिला आमच्याच व्यवस्थेने शिकवले.

येथे अनुवादाचाही मुद्दा आहे, आणि तो आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो. येरुशलेमेत लोक झावळ्या घेऊन येशूला सामोरे गेले, त्यात खजुरीचा स्पष्ट उल्लेख चार शुभवर्तमानांपैकी फक्त योहानाचे करते. खजुरी जिथे उगवत नाही तिथे ख्रिस्ती लोकांनी आपापला पर्याय शोधला. पोलंडमध्ये वाळुंजाच्या डहाळ्या आल्या, इंग्लंडात यू वृक्षाच्या. स्पेनमधल्या एल्चे गावात खजुरी आहेच, तर तिथे झाडाचा शेंडा बांधून ठेवतात. उजेड न मिळाल्याने पाती पांढरट राहते आणि तिची नक्षी विणतात. कोकणाने नारळ घेतला. मराठी बायबलात शब्द 'झावळ्या' असाच आहे, आणि मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे त्या शब्दाने नारळच उभा राहतो. म्हणजे वस्तूचा अनुवाद आणि शब्दाचा अनुवाद एकमेकांच्या हातात हात घालून झाले. फादर स्टीफन्सने (१५४९–१६१९) दुसरे काय केले? येशूची कथा सांगायला त्याने ओवी आणि पुराण घेतले. १६१६ साली राशोलला छापताना देवनागरीचे खिळे नव्हते म्हणून रोमन लिपी वापरली. जे हाताशी होते त्यात काम भागवले. ओवी ही त्याची नारळाची झावळी होती. अनुवादमीमांसेच्या प्रश्नपत्रिकेत आम्ही नायडा विचारतो, हे उदाहरण विचारत नाही.

फ्रान्सिस्को व्हाझ द गिमारायस याचे पुराण १६५९ चे, लिस्बनला छापलेले. ख्रिस्ताच्या दुःखसहनाची आणि मरणाची कथा. उत्तर कोकणातल्या ख्रिस्ती घरांतून ते उपवासकाळात म्हटले जाई. स्टीफन्सच्या तुलनेत त्याची भाषा ओबडधोबड, पोर्तुगीज शब्दांनी खच्चून भरलेली; म्हणून वाङ्मयेतिहासात त्याला फारशी जागा नाही. हा निवाडा आम्हांस मान्य नाही. जे पुस्तक लोकांनी उपाशी पोटी गायले त्याला 'ओबडधोबड' म्हणून बाजूला सारण्याआधी गाणाऱ्यांच्या बोलीत ते ऐकायला हवे होते.

काही सहकारी म्हणतील, हा धर्माचा भाग आहे, तो विद्यापीठात कशाला? कीर्तन, दिंडी, गोंधळ आम्ही शिकवतोच ना. तेव्हा ही शंका कुणाला येत नाही. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: ही रीत पोर्तुगिजांबरोबर आली, सत्तेबरोबर आली. खरे आहे. ज्या सत्तेच्या छायेत 'ख्रिस्तपुराण' छापले गेले तिनेच १६८४ साली गोव्यात स्थानिक भाषेविरुद्ध फर्मान काढले. हा इतिहास झाकून झावळीची गोडवी गाऊ नये. पण चारशे वर्षे ज्यांनी आपल्या वाडीतली पाती आपल्या बोलीत वळली, त्यांचे काम अजूनही परके ठरवायचे असेल, तर मराठीतले कितीतरी शब्दही परत पाठवावे लागतील. मेज आणि पगारापासून सुरुवात करता येईल.

आता आमचा आग्रह. या क्रुसांची प्रदर्शने भरवू नयेत, 'टाकाऊतून टिकाऊ' स्पर्धेत ते घालू नयेत, काचेच्या पेटीत तर मुळीच ठेवू नयेत. बाजारात प्लास्टिकचे तयार क्रूस मिळतात; ते टिकतात खरे, पण जाळून कपाळी लावण्याजोगी राख त्यांची होत नाही. मध्ययुगीन वाङ्मयाच्या अभ्यासपत्रिकेत 'ख्रिस्तपुराणा'चा घटक फेब्रुवारी-मार्चमध्ये घ्यावा, उपवासकाळात. ज्या घरांत पाती वळतात तिथल्या वडीलधाऱ्यांना वर्गात बोलवावे; त्यांनी वळावे, मुलांनी शब्द टिपावेत, आणि ज्यांना वाटेल त्यांनी वळूनही पाहावे. अभ्यासमंडळापुढे हे मांडले तेव्हा प्रात्यक्षिकाला गुण किती, असा प्रश्न आला. आमची सूचना शून्य गुणांची आहे.