परतलेल्या पावलांना शाळेचे दार

जून महिन्याच्या मध्यास महाराष्ट्रातील शाळा पुन्हा गजबजतात. नवी पुस्तके, नवे गणवेश आणि नवे वर्गशिक्षक यांच्या या उत्साहात काही मुले मात्र खाली मान घालून वर्गात शिरतात. मागील वर्षी ती मध्येच दिसेनाशी झालेली असतात. ‘मामाकडे होता’, ‘कावीळ झाली होती’ अशी कारणे घरच्यांनी शाळेला कळविलेली असतात. वास्तविक ही मुले व्यसनमुक्तीचा उपचार घेऊन परतलेली असतात. मूल व्यसनात सापडले की त्याची बातमी होते, चर्चासत्रे होतात. ते त्यातून बाहेर पडून नववी-दहावीच्या वर्गात परत येते तेव्हा त्याचे काय होते, याची चर्चा मात्र कोणी करीत नाही.

हा प्रश्न मूठभरांचा नाही. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी ‘एम्स’ने केलेल्या सर्वेक्षणाचा अहवाल २०१९ साली प्रसिद्ध झाला. व्हाइटनर, सोल्यूशन, पेट्रोल यांसारखे पदार्थ हुंगण्याचे प्रमाण १० ते १७ वर्षे वयोगटात प्रौढांच्या सुमारे दुप्पट असल्याचे त्यात दिसून आले. केवळ या एका व्यसनासाठी मदतीची गरज असलेली मुले देशात ४ लाख ६० हजारांच्या घरात असल्याचा त्या अहवालाचा अंदाज होता. सप्टेंबर २०२१ मध्ये गुजरातच्या मुंद्रा बंदरात अफगाणिस्तानातून आलेले सुमारे तीन हजार किलो हेरॉईन पकडले गेले. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे जिल्ह्यातील कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत मेफेड्रोन तयार करणारा कारखानाच उघडकीस आला. देशाच्या तरुण पिढीवर चाललेल्या या आक्रमणाविरुद्ध शासनाने कठोरच असले पाहिजे. बालकाला अमली पदार्थ देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरीची तरतूद २०१५ च्या बालन्याय कायद्यात आहे. तिचा वापर अधिक तत्परतेने व्हावयास हवा. परंतु विष विकणारा आणि विषाला बळी पडलेला यांना एकाच मापाने मोजणे हा न्याय नव्हे. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानेही स्वेच्छेने उपचार घेणाऱ्या व्यसनग्रस्तास खटल्यापासून संरक्षण देऊन हा विवेक पाळला आहे.

कायद्याने पाळलेला हा विवेक शाळा पाळतात काय? शिक्षण हक्क कायद्यानुसार आठवीपर्यंत कोणाही मुलाला शाळेतून काढता येत नाही. पण हे कवच नेमके ज्या वयात अधिक लागते, त्याच नववीच्या उंबरठ्यावर गळून पडते. मग संस्थाचालक पालकांना बोलावून घेतात आणि ‘इतर मुलांचा विचार करावा लागतो’ असे सांगून शाळा सोडल्याचा दाखला हाती ठेवतात. निकालाच्या टक्केवारीची आणि शाळेच्या नावाची चिंता त्यांना असते, हे आम्ही समजू शकतो. इतर पालकांची भीतीही खोटी नाही. वर्गात पुन्हा पदार्थ आणला गेल्यास कारवाई झालीच पाहिजे. पण जो मुलगा ते सोडून आला आहे, त्याला दार बंद करण्याने कोणाचे रक्षण होते? शाळा सुटली की त्याच्याजवळ उरतात ते चौकातले जुनेच मित्र. केंद्रात महिना-दोन महिने जे कमावले, ते तो तेथे आठवडाभरात गमावतो.

अशा विद्यार्थ्याला शिकविणे ही शिक्षकाची खरी कसोटी असते. व्यसन सुटल्यानंतरही काही आठवडे, कधी काही महिने, झोप लागत नाही, चित्त एकाग्र होत नाही, नुकतेच वाचलेले आठवत नाही, लहानशा बोलण्यावर राग उफाळतो. हा आळस किंवा उद्धटपणा नसून शरीर आणि मेंदू पूर्वपदावर येत असल्याची ही लक्षणे आहेत. त्याला एकदम दोन धड्यांचा गृहपाठ न देता चार-चार ओळींच्या प्रश्नांपासून आरंभ करावा. बुडालेला अभ्यास विषयवार वाटून द्यावा. मधल्या सुट्टीतील आणि शाळा सुटल्यानंतरचा अर्धा तास हा जोखमीचा काळ. त्या वेळी ग्रंथालय, प्रयोगशाळा, मैदान अशा ठिकाणी त्याच्याकडे काही काम सोपवावे. त्याची हकीकत मुख्याध्यापक आणि एक विश्वासू शिक्षक यांच्यापलीकडे जाऊ नये. व्यसनविरोधी दिनाला त्याला व्यासपीठावर उभे करून ‘अनुभव’ सांगायला लावणे हा तर उघड क्रूरपणा होय. आणि पाऊल पुन्हा घसरलेच, तर त्याला खोटारडा न ठरविता पुन्हा उपचारांकडे न्यावे. दमेकऱ्याला पुन्हा धाप लागली म्हणून त्याला कोणी शिक्षा करीत नाही.

वर्ष वाया गेलेल्यांसाठीही वाटा आहेत. राष्ट्रीय मुक्त विद्यालयाच्या परीक्षेतील विषय पाच वर्षांच्या मुदतीत टप्प्याटप्प्याने सोडविता येतात. राज्य मंडळाचा १७ क्रमांकाचा अर्ज भरून खासगी रीतीने दहावीस बसता येते. ही माहिती किती पालकांपर्यंत पोहोचते?

अमेरिकेत अशा विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र शाळा आहेत. मेरीलँड राज्यात १९७९ साली पहिली निघाली. तेथील विद्यार्थी व्यसनापासून दूर राहण्याचे प्रमाण अधिक असल्याचे २०१८ मधील एका अभ्यासातही आढळले. त्या यशाचे मर्म असे की, व्यसनमुक्त सोबती आणि जाणता शिक्षक ही दोन्ही मुलाला एके ठिकाणी मिळतात. हे मर्म घ्यावे. भिंती मात्र वेगळ्या बांधण्याची आपल्याला गरज वाटत नाही. विस्तारित कुटुंब, शेजार, मंदिर, आखाडा, सायंकाळची शाखा हे सोबतीचे भांडार आपल्याकडे अद्याप शिल्लक आहे. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी ‘मुक्तांगण’ उभे केले, तेव्हा पु. ल. देशपांडे यांचे आर्थिक साहाय्य त्यामागे होते. लेखक, डॉक्टर आणि सामान्य माणूस एकत्र आले की काय घडू शकते, याचे ते उदाहरण महाराष्ट्रासमोर आहे. विचारांच्या वाटा वेगळ्या असल्या तरी सेवेचे मोल त्याने उणे होत नाही.

तेव्हा हे आवाहन प्रथम आपल्याच घरांना आहे. ‘आमच्या संस्कारी घरात असले काही होत नाही’ या समजुतीनेच कित्येक मुलांच्या उपचाराला वर्ष-वर्ष उशीर होतो. संस्कार म्हणजे दोष लपविण्याची कला नव्हे. १४४४६ हा राष्ट्रीय मदतवाहिनीचा क्रमांक घरात भिंतीवर दिसू द्यावा. शिक्षणसंस्थांच्या कार्यकारिणीवर आपले अनेक कार्यकर्ते आहेत. त्यांनी या वर्षीच्या पहिल्याच बैठकीत एक ठराव करावा की, उपचार घेऊन परतलेल्या विद्यार्थ्याला आमची शाळा दाखला देऊन घालविणार नाही. वस्तीतील अभ्यासिका चालविणाऱ्या स्वयंसेवकाने अशा एका मुलाची वर्षभराची जबाबदारी घ्यावी. त्याला गणित शिकवावे, त्याच्याबरोबर खेळावे आणि त्याच्या भूतकाळाविषयी कोठेही बोलू नये.

समाजसंघटनेच्या मोठ्या गोष्टी आपण नेहमी करतो. पडलेल्या एका मुलाला हात देऊन त्याच्या जुन्याच बाकावर पुन्हा बसविणे, हे त्या संघटनेचे पहिले काम आहे.