एका विद्वानाची बढती

इतिहासाच्या तासाला आम्ही दरवर्षी एक छायाचित्र वर्गात फिरवतो. दिनांक १६ जून १९७६. दक्षिण आफ्रिकेतील जोहान्सबर्गलगतची सोवेटो ही कृष्णवर्णीयांची वसाहत. पोलिसांच्या गोळीने कोसळलेल्या बारा वर्षांच्या हेक्टर पीटरसनला हातांवर घेऊन एक तरुण धावतो आहे आणि शाळेच्या गणवेशातील त्याची बहीण शेजारून आक्रोश करीत पळते आहे. सॅम न्झिमा या छायाचित्रकाराने टिपलेला हा क्षण जगभर गेला. मुले हटकून विचारतात, “सर, याला कोणी मारले?” ‘पोलिसांनी’ हे उत्तर परीक्षेपुरते बरोबर आहे. आमच्या मते मात्र उत्तर तेवढ्यावर थांबत नाही. गोळी झाडली गेली त्याच्या कितीतरी आधी एक आदेश निघाला होता, आणि मुलांचे पालक व शिक्षक विनवीत असताना तो मागे घेण्यास नकार देणारा एक सुविद्य गृहस्थ शिक्षण खात्यात बसला होता.

त्याचे नाव डॉ. आंद्रिस ट्रुर्निख्त. १९२१ साली केप प्रांतातील पिकेटबर्ग येथे जन्म. डच रिफॉर्म्ड चर्चमध्ये धर्मोपदेशक म्हणून बरीच वर्षे सेवा, मग १९६० पासून चर्चच्या ‘दी केर्कबोडे’ या मुखपत्राचे संपादकपद. मार्च १९६० मध्ये शार्पव्हिल येथे पोलिसांनी ६९ निदर्शकांना ठार केले होते. त्या रक्ताने काही गोऱ्या ख्रिस्ती धर्मगुरूंचीही झोप उडाली. वर्षअखेरीस कॉटेस्लो येथील परिषदेत चर्चच्या प्रतिनिधींनी वर्णभेदी धोरणाला सौम्य शब्दांत का होईना, हरकत घेतली. ट्रुर्निख्त यांनी त्या हरकतीला विरोध केला. लेखणी त्यांच्या हाती होती आणि ती त्यांनी सत्तेच्या बाजूने चालवली.

येथे एक दुसरे नाव घेतलेच पाहिजे. बेयर्स नॉडे. तेच चर्च, तीच आफ्रिकानर जात, ‘ब्रूडरबोंड’ या गुप्त संघटनेचे तेच सदस्यत्व. नॉडे कॉटेस्लोच्या निर्णयाला धरून राहिले, १९६३ मध्ये ब्रूडरबोंडमधून बाहेर पडले, व्यासपीठ सोडले, आणि १९७७ मध्ये सरकारने त्यांच्यावर बंदीहुकूम बजावला. ट्रुर्निख्त मात्र १९७२ मध्ये त्याच ब्रूडरबोंडचे अध्यक्ष झाले. ‘काळच तसा होता’ असे म्हणून अशा माणसांना सोडून देण्याची आपल्या अभ्यासकांना मोठी हौस असते. काळ दोघांचाही एकच होता.

१९६७ मध्ये ते प्रिटोरियातील ‘होफस्टाट’ या दैनिकाचे संपादक झाले आणि १९७१ मध्ये उत्तर ट्रान्सव्हालमधील वॉटरबर्ग मतदारसंघातून नॅशनल पार्टीतर्फे संसदेत गेले. दोनच वर्षांपूर्वी पक्षातील अतिकर्मठांचा एक गट फुटून बाहेर पडला होता. उरलेल्या कर्मठांना धरून ठेवण्यासाठी पक्षाला त्यांच्यातलाच एक भारदस्त माणूस हवा होता. वर्णभेदाच्या राजवटीत शिडी अशी चढली जात असे. जो जितका ताठर, तितका तो विश्वासू ठरे. जानेवारी १९७६ मध्ये त्यांना उपमंत्रिपद मिळाले, आणि तेही बांटू प्रशासन व शिक्षण खात्याचे.

हे खाते काय होते, हे आम्हा शिक्षकांनी नीट समजून घ्यावे. १९५३ च्या बांटू शिक्षण कायद्यामागचा हेतू त्याचे कर्ते हेंड्रिक फेरवूर्त यांनी लपवलाही नव्हता: काळ्या मुलाला श्रमाच्या ठरावीक पायरीपलीकडे जागा नाही, मग त्याला त्यापलीकडचे शिकवायचे कशाला? मनुस्मृती ज्यांच्या पाठीवर लिहिली गेली, त्यांना हा युक्तिवाद नवा नाही. १९७५-७६ मध्ये सरकार गोऱ्या विद्यार्थ्यामागे ६४४ रँड खर्च करी, आफ्रिकी विद्यार्थ्यामागे ४२. त्यातच १९७४ च्या एका परिपत्रकाने गणित आणि सामाजिक शास्त्रे आफ्रिकान्समधून शिकवण्याची सक्ती केली. ही भाषा मुलांना धड येत नव्हती आणि अनेक शिक्षकांनाही येत नव्हती. जो शिक्षक स्वतःच वाक्यागणिक अडखळतो, तो बीजगणित काय शिकवणार? मुले ना गणित शिकत होती, ना भाषा. आफ्रिकी शिक्षक संघटनेने विरोध नोंदवला. मे महिन्यात ओर्लँडो वेस्टमधील विद्यार्थी वर्गाबाहेर बसले. उपमंत्र्यांची भूमिका अशी की इमारती सरकार बांधते, अनुदान आणि पगार सरकार देते, तेव्हा भाषा कोणती हे ठरवण्याचा अधिकारही सरकारचाच.

पगार आम्हीही सरकारचा घेतो, म्हणून हे वाक्य आम्हाला अधिक बोचते. ज्यांच्या घामावर तिजोरी भरते त्यांच्याच मुलांना ‘आमच्या पैशाने शिकता’ असे ऐकवणारा साहेब सातासमुद्रापारच भेटतो असे नाही.

पुढचे सर्वज्ञात आहे. मोर्चा, गोळीबार, महिनोन्‌महिने देशभर पेटलेला वणवा. सरकारनेच नेमलेल्या चौकशी आयोगाने मृतांचा आकडा ५७५ दिला. आणि ज्या सक्तीत बदल अशक्य म्हणून सांगितले जात होते, ती जुलैमध्ये मुकाट्याने मागे घेतली गेली. म्हणजे जूनच्या पंधरा तारखेलाही ती मागे घेता आली असती.

बाबासाहेबांनी शिक्षणाहून शीलाला वरचे स्थान का दिले, हे मुलांना समजावताना आम्हाला पूर्वी उदाहरणांची वाण पडे. ‘शिका’ हा मंत्र आपण भिंतीवर रंगवतो, पण पदवी माणसाला न्यायी करतेच असे नाही. ट्रुर्निख्त काही कमी शिकलेले नव्हते. उलट त्यांच्या विद्वत्तेमुळेच अन्यायाला शास्त्राधार मिळाला.

मागील वर्षी छायाचित्र हातोहात फिरत मागच्या बाकावर गेले. तेथील एका मुलीने दुसराच प्रश्न विचारला: “मग त्या मंत्र्याला शिक्षा काय झाली?” आम्ही फळ्यावर लिहिले: १९७८, नॅशनल पार्टीच्या ट्रान्सव्हाल शाखेचे नेतेपद. १९७९, मंत्रिमंडळात समावेश. तिने ते वहीत उतरवून घेतले आणि पुन्हा हात वर केला.