गोष्ट सांगणाऱ्या आजीला शाळेत बोलवा

प्रति,
मा. प्रकल्प अधिकारी,
एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प, पेण, जि. रायगड



पनवेल तालुक्यातल्या कातकरी आणि ठाकर वाड्यांतल्या म्हाताऱ्या माणसांकडे ज्या गोष्टी आहेत, त्या त्यांच्याच तोंडून आणि त्यांच्याच बोलीत मुलांना ऐकायला मिळाव्यात. तेही शाळेच्या आणि अंगणवाडीच्या वेळात. आणि सांगणाऱ्याला त्याचं रीतसर मानधन मिळावं. एवढी मागणी करण्यासाठी हे पत्र आहे. ते उघड लिहितेय, कारण मागणी मान्य झाली तर मुख्याध्यापक, अंगणवाडीताई आणि मुलांसाठी वाचनालय चालवणाऱ्या आमच्यासारख्यांनाही कामाला लागावं लागेल.

पनवेलची महानगरपालिका २०१६ साली झाली, विमानतळ आला, रस्ते रुंद झाले. कर्नाळ्याच्या आसपास, प्रबळगडाच्या पायथ्याशी, मालडुंगे-धोदाणीच्या बाजूला मात्र वाड्या अजून आहेत. महाराष्ट्रात विशेष असुरक्षित आदिवासी गट म्हणून तीनच जमाती नोंदल्या आहेत, कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड. पैकी कातकरी आपल्या दारात राहतात. खैरापासून कात काढणारी ही माणसं. जंगल सरकारजमा झालं, तो धंदा बसला, आणि आता दिवाळी उरकली की उचल घेतलेली कुटुंबं वीटभट्टीवर जातात ती पावसाच्या तोंडाला परततात. नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम-जनमन अभियानात घरं, रस्ते, पाणी, अंगणवाड्या, बहुउद्देशीय केंद्रं अशा ११ बाबी आहेत. त्या सगळ्या हव्यातच. गोष्टींसाठी वेगळी बाब मी मागत नाही. त्या केंद्रात आणि अंगणवाडीत गोष्ट सांगणाऱ्या माणसाला जागा मागते आहे.

'लोककथांचं संकलन करून पुस्तक छापू' हे उत्तर मला पुरेसं का वाटत नाही, ते सांगते. कातकऱ्यांची स्वतःच्या उत्पत्तीची एक गोष्ट आहे. रामाबरोबर लंकेला गेलेल्या वानरांचे आपण वंशज, लढाई जिंकल्यावर रामाने वानरांना माणूस केलं, अशी. इंग्रज अमदानीतल्या नोंदींत ती सापडते. वाडीत हीच गोष्ट देवाच्या लढाईत खांद्याला खांदा लावलेल्या पूर्वजांची आहे, ताठ मानेने सांगायची. आता ती पुस्तकातून वर्गात वाचली जाते असं समजा. चाळीस मुलांत चार कातकरी, आणि वाचणाऱ्याला वाडीची ओळख नाही. मधल्या सुट्टीत त्या चौघांना काय चिडवलं जाईल, हे शाळेत गेलेल्या कुणालाही सांगायला नको. त्यातलं एखादं मूल दुसऱ्या दिवशी शाळेत येणार नाही, आणि हजेरीपटावर त्याचं कारण कुठेही लिहिलं जाणार नाही. तीच गोष्ट त्या मुलाची आजी वर्गात खुर्चीवर बसून सांगत असेल, गुरुजी शेजारी बसून हुंकारा देत असतील, तर चिडवायला कुणाची जीभ रेटेल? गोष्ट कोण सांगतं आणि ती सांगताना त्याचा मान किती राखला जातो, यावर सगळं अवलंबून आहे.

एका वाडीत मी हे जवळून पाहिलंय. अंगणवाडीच्या ओट्यावर एक आजी मुलांना खेकड्याची गोष्ट सांगत होती. मुलं हुंकारा द्यायला विसरली की ती थांबायची, तंबाखू मळायची आणि कुणीतरी 'हं' म्हणेपर्यंत पुढचं वाक्य बोलायची नाही. खेकडा बिळात शिरला तो कुठल्या ओढ्याच्या काठाला, तेही ती हाताने दाखवायची, कारण ओढा समोरच होता. पहिलीतला एक मुलगा, जो वर्गात तोंड उघडत नाही असं ताईंनी मला आधीच सांगितलं होतं, मध्येच उठला आणि आजीला म्हणाला की बिळाचं तोंड तसं नसतं, आत खेकडा असला तर बाहेरची माती ओली असते. आजीने ते कबूल केलं आणि गोष्टीत ओली माती घातली. मग दोघांत वाद रंगला की हात घालायचा तर कुठल्या बाजूने, म्हणजे नांगी लागणार नाही. त्या अर्ध्या तासात निरीक्षण होतं, तर्क होता, मोठ्या माणसाला न घाबरता दुरुस्त करणं होतं. हेच मूल वर्गात गप्प असतं, कारण वर्गातली मराठी त्याच्या घरची नाही. शैक्षणिक धोरण २०२० किमान पाचवीपर्यंत शक्य तिथे घरच्या भाषेत शिक्षण द्या म्हणतं. कातकरी बोलीतली पाठ्यपुस्तकं उद्या तयार होणार नाहीत, हे मलाही कळतं. पण ती बोलणारी माणसं आज वाडीत बसलेली आहेत.

आणि ती नेमकी केव्हा बसलेली असतात, हे वेळापत्रक करताना ध्यानात घ्यावं. आईबाप भट्टीवर गेले की काही मुलं त्यांच्याबरोबर जातात, काही आजीआजोबांपाशी मागे राहतात. दिवाळी ते उन्हाळा या काळात वाडीत उरतात ते म्हातारे आणि लेकरं. हंगामी वसतिगृहात राहणाऱ्या मुलांना तर संध्याकाळी जवळचं माणूस नसतंच. गोष्टीचा तास हवा तो याच महिन्यांत. पावसाळ्यात लावणीच्या धांदलीत कुणी येणार नाही, आणि मग 'समाजाचा प्रतिसाद नाही' असा शेरा पडेल.

हे काही अशक्य कोटीतलं नाही. न्यूझीलंडमध्ये माओरी भाषा घराघरांतून विरत चालली, तेव्हा १९८२ पासून 'कोहांगा रेओ' नावाच्या बालवाड्या निघाल्या. तिथे घरातली वडीलधारी माणसं लहानग्यांशी फक्त माओरीत बोलतात, गातात, गोष्टी सांगतात. आपल्याकडे ओडिशाने २००६-०७ पासून काही आदिवासी भाषांत प्राथमिक शिक्षण सुरू केलं. आणि सिंधुदुर्गात पिंगुळीच्या ठाकर समाजातले परशुराम गंगावणे यांना कळसूत्री बाहुल्या आणि चित्रकथी जपल्याबद्दल २०२१ साली पद्मश्री मिळाली. चित्रं दाखवत कथा सांगणाऱ्या घराण्यातल्या माणसाचा देश सन्मान करतो, याचा मला फार आनंद झाला. तोच न्याय अंगणवाडीच्या ओट्यावरच्या आजीला एका दुपारच्या मानधनाच्या रूपाने लावता येईल.

गोष्टींना कात्री लावू नये, ही माझी दुसरी विनंती. या गोष्टींत दारू असते, भूत असतं, भूक असते, सावकाराला फसवणारा हुशार गडी असतो. आपण शिकलेली माणसं असं काही दिसलं की पुसून टाकतो आणि शेवटी तात्पर्य चिकटवतो. मग मुलांच्या हाती उरतो तो आणखी एक धडा. एखादी गोष्ट पोरांसमोर सांगायची नाही, एखादी ठरावीक सणालाच सांगायची, हे वाडीला माहीत असतं. तो निर्णय वाडीवर सोडावा. रेकॉर्डिंग करायचं असेल तर आधी विचारावं, आणि त्याची एक प्रत वाडीत राहावी. ही केवळ सौजन्याची गोष्ट नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने जैवविविधतेशी आणि सांस्कृतिक विविधतेशी निगडित पारंपरिक ज्ञानावर समूहाचा बौद्धिक संपदा हक्क मान्य केला आहे. गोष्टींकडेही त्याच नजरेने पाहिलं पाहिजे असं माझं म्हणणं आहे.

शहरातल्या मुलांचाही विचार व्हावा. खांदा कॉलनी, कामोठे, खारघरमधली मुलं सुट्टीत कर्नाळ्याला पक्षी बघायला जातात, पण त्या जंगलाला नावानिशी ओळखणारी माणसं त्यांना भेटत नाहीत. जवळच चिरनेरला २५ सप्टेंबर १९३० रोजी जंगल सत्याग्रहावर गोळीबार झाला. त्यातल्या हुतात्म्यांत नाग्या कातकरी होते. दरवर्षी तिथे मानवंदना दिली जाते. यंदा त्या आठवड्यात पनवेलच्या शाळांमध्ये नाग्या कातकरींची गोष्ट एखाद्या कातकरी माणसाने सांगावी. मला वाटतं, वानरांची गोष्ट शहरातल्या वर्गात न्यायच्या आधी ही न्यावी. रामायणातला पूर्वज आणि सत्याग्रहातला पूर्वज एकाच समाजाचे आहेत, हे मुलं आपापसांत जोडतील.

आपल्या कार्यालयाने सुरुवातीला पनवेल तालुक्यातल्या पाच वाड्या निवडाव्यात. कुठल्या, ते वाड्यांच्या बैठकीत ठरावं. आठवड्यातून एक दुपार, दर वाडीत दोन सांगणारे, त्यांच्या खात्यात दरमहा जमा होणारं मानधन, आणि हजेरीला अंगठा चालेल अशी सोपी नोंद. पाहुणे, हार, फलक, फोटो यांवर एक पैसाही खर्च करू नये. ताईंना वेळ नसेल त्या दुपारी आमच्या वाचनालयातल्या दोघीजणी हुंकारा द्यायला येतील, त्याचं काही नको. आदेश दिवाळीआधी निघाला, तर भट्टीच्या गाड्या लागण्यापूर्वी घरोघरी जाऊन आईबापांना विचारता येईल.

आपली,
मुलांच्या वाचनालयातली एक कार्यकर्ती, पनवेल