बेडकाची शेपटी

श्रावणात लोणावळ्याला जाणारी मंडळी धबधबे पाहतात, भाजलेली कणसे खातात, चिक्की घेतात आणि परततात. खाली उतरून मावळातल्या एखाद्या भातखाचराच्या बांधावर घटकाभर बसणारा विरळाच. पण बसलात, तर पाण्यात बेडकाची शेपटीवाली पिल्ले वळवळताना दिसतील. काही आठवड्यांनी पाहावे, तर पाय फुटलेले आणि शेपटी आखडत चाललेली! ती तुटून पडत नाही बरे. पिल्लाच्याच रक्तातून हुकूम सुटतो आणि शेपटीतल्या पेशी निमूटपणे आवराआवर करून मरतात.

आपली बोटेही आईच्या पोटात अशीच सुटी होतात. बोटांमधल्या पडद्यातल्या पेशी वेळेवर मरतात, म्हणून तर दिवाळीत करंजीला मुरड घालता येते.

या मरणाला १९७२ साली केर, वायली आणि करी या शास्त्रज्ञांनी ‘अपॉप्टोसिस’ हे ग्रीक नाव दिले. अर्थ, पानगळ. शब्द सुचवला तो ॲबर्डीनच्या एका ग्रीकच्या प्राध्यापकांनी. भाषेच्या मास्तरांनी कॉलर ताठ करावी, असे प्रसंग विज्ञानात थोडेच!

या पानगळीवर पहारा ठेवणारे एक प्रथिन आहे, बीसीएल-२. पेशीतल्या ऊर्जेच्या कोठारांना भोके पाडून मरणाची सुरुवात करणारी दुसरी प्रथिने असतात; त्यांचे हात हे धरून ठेवते. पहारेकरी चांगलाच, पण तो गरजेपेक्षा जास्त झाला, तर मरायला हवी ती पेशीही मरत नाही. लसिकाग्रंथींच्या एका कर्करोगात नेमके हेच घडते. कर्करोग म्हणजे पेशींची बेसुमार वाढ, एवढेच आपण समजत होतो. १९८८ साली मेलबर्नच्या संशोधकांनी दाखवले, की हे प्रथिन पेशींची वाढ करीत नाही, त्यांचे मरण अडवते. मग याच पहारेकऱ्याचे हात बांधणारे औषध शोधले गेले. व्हेनेटोक्लॅक्स त्याचे नाव. एका प्रकारच्या रक्तकर्करोगावर त्याला २०१६ साली अमेरिकेत मान्यता मिळाली.

उलट पहारा ढिला पडला, तर जगायला हव्यात त्या पेशीही जातात. मेंदूतली गेलेली पेशी तर सहसा भरून येत नाही. तेव्हा मरणाचा हुकूम वाईट नाही आणि पहाराही वाईट नाही. प्रश्न आहे तो वेळेचा आणि मापाचा.

बेडकाला हे कोणी शिकवलेले नसते. शेपटी वेळेवर गेली, की तो खाचरातून टुणकन बांधावर उडी मारतो.