नुसती घंटा पुरत नाही

१८ नोव्हेंबर १९८७ रोजी लंडनच्या किंग्ज क्रॉस भुयारी स्थानकात आग लागून ३१ जण मृत्युमुखी पडले. ध्वनिक्षेपक होता, वापरलाच गेला नाही! पुढे न्यूकॅसलच्या मेट्रो स्थानकात प्रयोग झाले. नुसती घंटा वाजली तेव्हा उतारू आठ-आठ मिनिटे जागचे हलले नाहीत. काय घडले, कोणत्या वाटेने निघायचे हे पडद्यावर गर्दी पाहत कर्मचाऱ्याने सांगितले, तेव्हा दोन मिनिटांच्या आत निघाले.

बंधू-भगिनींनो, आपल्या स्थानकांवर रोज गाड्यांच्या घोषणा होतात. आगीच्या वेळी काय बोलायचे हे उद्घोषकाला कोणी शिकवले आहे काय? टपालाच्या मोठ्या इमारतींतही हाच प्रश्न आहे. प्रशासनाने स्थानिक भाषेतील सूचना ठरवाव्यात, कामाच्या वेळेतच सराव घ्यावा आणि ध्वनिमुद्रित संदेशाच्या सबबीखाली उद्घोषकाची जागा रद्द करू नये.