‘स्थानिक’ म्हणजे नेमकं कोण?

मोठ्या कंपन्यांनी स्थानिक गरिबांना आधी घ्यावं, हे मला मान्य आहे. अडचण ‘स्थानिक’ या शब्दाची आहे. महाराष्ट्रात त्यासाठी १५ वर्षांचं वास्तव्य पाहतात. म्हणजे दुसऱ्या जिल्ह्यातल्या बंगल्यातला इंजिनीअरही स्थानिक आणि कंपनीच्या गेटसमोरच्या वस्तीतला आयटीआय झालेला पोरगाही. निवड कुणाची होते, हे आयटीत इतकी वर्षं काढल्यावर मला कुणी सांगायला नको.

हरियाणाने ३० हजारांपर्यंतच्या पगाराच्या खासगी नोकऱ्यांत ७५ टक्के जागा राज्यातल्या लोकांसाठी ठेवल्या. २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने तो कायदा रद्द केला. मला त्याचं दुःख नाही. २०११ मध्ये सौदीने ‘निताकात’ आणलं, तेव्हा तिथल्या स्थानिकांसाठी आपल्याच घरांतले चाचा, मामू ‘बाहेरचे’ ठरले होते. कोकणातल्या कितीतरी चुली त्या पगारावर पेटत होत्या. बिहारहून आलेल्या कामगाराकडे बोट दाखवताना एवढं तरी आठवावं.

म्हणून मागणी जन्माची किंवा भाषेची नको. घराच्या अंतराची आणि घरातल्या उत्पन्नाची हवी. सुरुवातीला नवा कायदाही लागत नाही. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली ३० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला अडीच ते पंधरा टक्के अप्रेंटिस घ्यावेच लागतात. आपल्या भागातल्या कंपनीला लेखी विचारा: किती घेतले, आणि त्यातले पायी चालत येणारे किती?